मेटार पाठ झाला, आता खिडकी उघडा

पार्ल्याला राहून वैमानिक होण्यासाठी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) मिटिऑरॉलॉजीच्या, म्हणजे हवामानशास्त्राच्या, पेपरची तयारी करत होते, तेव्हा मेटारमधली, म्हणजे विमानतळाच्या हवामानाच्या सांकेतिक रिपोर्टमधली, सगळी अक्षरं मला तोंडपाठ होती. तरी जुलैतल्या एका दुपारी ‘०९३०झेड’ पाहिलं आणि हा सकाळचा, शिळा रिपोर्ट म्हणून बाजूला ठेवला. पण ‘झेड’ म्हणजे ती वेळ यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ, होती. साडेपाच तास मिळवा, दुपारचे ३ वाजतात. खिडकीबाहेर कोसळत होता तोच पाऊस त्यात लिहिला होता.

त्या दिवसापासून सवय लावून घेतली. मुंबईचा (विमानतळाचा संकेत व्हीएबीबी) मेटार दर अर्ध्या तासाला येतो. तो उघडायचा आणि बाहेर बघायचं. १५०० मीटर व्हिजिबिलिटी म्हणजे समोरची कोणती इमारत दिसेनाशी होते, हे असंच कळतं. पुस्तकातून मला ते कधीच कळलं नसतं.

वाऱ्याला मात्र सर्वांत जास्त वेळ द्या. समजा, वारा २३० अंशांवरून २० नॉट (तासाला सागरी मैल), झोत ३२ नॉटचे, आणि उतरायचंय रनवे २७ वर, म्हणजे २७० अंशांच्या दिशेनं. कोन ४० अंशांचा. आडवा वारा, म्हणजे रनवेला काटकोनात येणारा भाग, साधारण १३ नॉट येतो. पण झोत धरला की तोच २० च्या वर जातो. नवशिके पहिला आकडा घेऊन मोकळे होतात. हिशेब झोताचाच करा. शिवाय मेटारमधली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते, रनवेचा क्रमांक चुंबकीय उत्तरेवरून ठरतो आणि टॉवरही चुंबकीय दिशाच सांगतो. मुंबईत हा फरक नगण्य आहे, म्हणूनच इथे शिकणाऱ्याच्या तो अंगवळणी पडत नाही.

पावसाळ्यात रनवेची अवस्थाही वाचा. नोव्हेंबर २०२१ पासूनच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत रनवेच्या तीन भागांना तीन आकडे मिळतात: ६ म्हणजे कोरडा, ५ म्हणजे ओला, आणि ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं की थेट २. ‘५/५/२’ ऐकलं की शेवटच्या तिसऱ्या भागात ब्रेक नीट लागतील ही आशा सोडा आणि लागणाऱ्या लांबीचा हिशेब पुन्हा करा.

नोटॅम, म्हणजे रनवे बंद असण्यासारख्या बदलांची वैमानिकांसाठीची सूचना, शेवटी बघू, असं करू नका. मुंबईचे दोन्ही रनवे, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकांना छेदतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर डागडुजीसाठी ते काही तास बंद ठेवतात. त्या बंदची वेळसुद्धा यूटीसीतच दिलेली असते.