ग्रे आउलला वाचनबैठकीत कसे घ्यावे

ज्या लेखकावर आपला जीव आहे तोच लेखक आपली आई, आपली जमात आणि आपले जन्मगाव या तिन्ही बाबतींत वाचकांशी खोटे बोलला होता हे ठाऊक असताना त्याची पुस्तके चारचौघांत कशी वाचावीत, हा प्रश्न ठाण्यात वाचनबैठका घेऊ लागल्यापासून मला तीन वेळा पडला आणि तिन्ही वेळा लेखक एकच होता. ग्रे आउल या नावाने लिहिणाऱ्या या माणसाने १९३०च्या दशकात कॅनडातील बीव्हर या प्राण्याची बाजू इतक्या जिवाभावाने मांडली की इंग्लंडमधील सभागृहे त्याला ऐकायला भरून जात असत. आमची बैठक घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीच्या सभागृहात भरते. पंधरा-वीस माणसे येतात, दोन तास वाचन आणि चर्चा होते आणि शेवटी चहा असतो. या लेखकावरच्या पहिल्या दोन बैठका फसल्या आणि तिसरी जमली. ज्यांना आपल्या गटात तो घ्यायचा असेल त्यांच्यासाठी तिसऱ्या बैठकीची रीत येथे देत आहे.

पहिल्या खेपेस मी त्याचे खरे नाव शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवले होते. कथाकथनाच्या हौसेपायी केलेला हा मूर्खपणा होता. गुपित फुटताच सभागृहात जो गलका झाला त्यात बीव्हर वाहून गेले आणि चहा होईपर्यंत त्याच्या लग्नांचीच मोजदाद चालली. दुसऱ्या खेपेस मी उलटे टोक गाठले. आरंभीच पाऊण तास त्याच्या लबाडीचा साद्यंत वृत्तांत दिला आणि मग पुस्तक उघडले, तर प्रत्येक ओळ आरोपीच्या जबाबासारखी ऐकली जाऊ लागली. तेव्हा पहिला नियम असा की खरे काय ते आधीच सांगावे, पण पाच मिनिटांत, कोरड्या आवाजात आणि कागदावरून वाचून सांगावे, म्हणजे बोलण्याच्या भरात तिखटमीठ लागत नाही.

माझ्या कागदावर एवढेच असते. आर्चिबाल्ड स्टॅन्सफेल्ड बेलानी याचा जन्म १८ सप्टेंबर १८८८ रोजी इंग्लंडमधील हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी झाला. बाप व्यसनी आणि परागंदा असल्यामुळे आजीने आणि आत्यांनी त्याला वाढवले. १९०६ साली तो कॅनडाला गेला, ऑन्टॅरिओच्या उत्तरेकडील टेमागामी परिसरात राहिला आणि १९१० साली त्याने अँजेल एग्वुना या ओजिब्वे स्त्रीशी लग्न केले. जंगलात राहण्याची विद्या आणि ओजिब्वे भाषा तो तिच्या माणसांत शिकला, आणि पुढे तिला व मुलीला सोडून गेला. पहिल्या महायुद्धात तो कॅनडाच्या सैन्यात होता आणि पायाला जखम होऊन परतला. १९२९ साली इंग्लंडच्या ‘कंट्री लाइफ’मध्ये त्याचा पहिला लेख खऱ्या आडनावाने छापला गेला, परंतु १९३१ साली पहिले पुस्तक आले ते ग्रे आउल या नावाने. आपण मेक्सिकोत जन्मलो, बाप स्कॉटिश आणि आई अपाची, असे तो सांगू लागला. केस काळे करू लागला. १३ एप्रिल १९३८ रोजी सॅस्कॅचेवानमधील प्रिन्स अल्बर्ट येथे न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला आणि ‘नॉर्थ बे नगेट’ या वृत्तपत्राने त्याचे खरे नाव लगोलग छापले. ही बातमी त्या वृत्तपत्राच्या हाती १९३५ सालापासूनच होती, परंतु त्याच्या कामाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी ती तीन वर्षे दाबून ठेवली होती. येथे कागद घडी करून खिशात ठेवावा आणि प्रश्न घेऊ नयेत. ते नंतर येतातच.

यानंतर कोणता उतारा वाचावा हे ठरवण्यासाठी मी एक कसोटी वापरतो आणि या साऱ्या खटाटोपात माझे स्वतःचे असे काही असेल तर ते एवढेच आहे. त्याच्या ज्या पानाला त्या खोट्या अपाची आईची गरज लागत नाही ते पान निवडावे. ‘आम्ही इंडियन’ असा सूर लावून तो जिथे बोलतो, पूर्वजांचे शहाणपण सांगतो, ती पाने त्या काळी सर्वांत जास्त खपली आणि आज तीच पोकळ वाजतात. उलट एखादा प्राणी त्याने पाहिला, हाताळला, त्याच्यापायी रात्र जागवली, अशी पाने खऱ्या बेलानीची आहेत, मग वर नाव कोणाचे का असेना. या कसोटीवर पहिला उतारा ‘पिलग्रिम्स ऑफ द वाइल्ड’ या पुस्तकातील दोन पिलांचा निघतो.

१९२८ सालच्या वसंतातला तो प्रसंग आहे. बेलानी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा आणि सापळे लावून कातडी विकणारा धंदेवाईक माणूस होता. त्याने लावलेल्या सापळ्यात एक बीव्हर मादी मेली. दुसऱ्या दिवशी पाण्यावर काही हालताना दिसले म्हणून त्याने बंदूक उचलली, तोच बारीक रडण्याचा आवाज आला आणि ती तिची पोरकी पिले असल्याचे कळले. सोबत त्याची मोहॉक वंशाची जोडीदार अनाहारिओ होती. पिले वाचवायची हे तिने ठरवले. त्याने होडी वळवली. प्रत्येक पिलाचे वजन पाव किलोहूनही कमी. बाटली नाही, बोंडले नाही, जवळ फक्त डब्यातले घट्ट गोड दूध. शेवटी बारीक काडी त्या दुधात बुडवायची, ती पिलाच्या तोंडात घालून दोन बोटांनी जबडा मिटवायचा आणि काडी ओढून घ्यायची, अशी युक्ती निघाली आणि पिले जगली. मॅकगिनिस आणि मॅकगिन्टी अशी आयरिश नावे त्यांना मिळाली. हा उतारा सावकाश वाचावा. आमच्याकडे तो वाचत असताना एका आजींनी कापसाच्या बोळ्याने मांजरीच्या पिलांना दूध पाजल्याची आठवण मध्येच सांगितली, मी त्यांना थांबवले नाही, आणि मग पाच मिनिटे कोणाला ग्रे आउलच्या जातीची आठवण झाली नाही.

बीव्हर हा आपल्याकडचा प्राणी नाही, म्हणून त्याची ओळख आपल्या शब्दांत करून द्यावी लागते. पाणउंदीर म्हणून भागत नाही, कारण पूर्ण वाढलेला बीव्हर वीस किलोच्या आसपास भरतो. ‘नाल्यावर बंधारा घालणारा प्राणी’ असे मी सांगतो. पावसाळा सरल्यावर गावोगाव सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, ती ओढ्यात एकावर एक रचून वनराई बंधारा घालतात तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पाणी पोत्यांच्या फटीतून कसे झिरपते आणि हातात चिखल घेऊन ती फट कशी बुजवावी लागते हे ठाऊक असते. बीव्हर हेच काम दातांनी पाडलेली झाडे, फांद्या आणि चिखल घेऊन करतो, आणि वाहत्या पाण्याचा आवाज आला की दुरुस्तीला धावतो. त्याच्या बंधाऱ्यामागे तळे साठते, तळ्यावर मासे, बेडूक, बदके येतात. त्याच्या केसाळ कातड्यापायी युरोपातील टोप्यांच्या बाजाराने त्याला शतकानुशतके मारले आणि बेलानी जंगलात होता त्या काळात मोठ्या प्रदेशांतून तो नाहीसा होत चालला होता. १९३१ साली कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने बेलानीला नोकरीत घेतले. आधी मॅनिटोबातील रायडिंग माउंटन आणि मग प्रिन्स अल्बर्ट उद्यानातील अजावान तळे हा त्याचा मुक्काम झाला. तेथील लाकडी खोपटात बीव्हरांनी आपले घर अर्धे आत, अर्धे बाहेर असे बांधले आणि तो टेबलाशी लिहीत असताना ती मंडळी काटक्या आणि चिखल घेऊन शेजारून जात असत. या तपशिलाला सभागृहात हमखास हसू फुटते, फुटू द्यावे.

भाषांतर करून वाचणाऱ्यांनी एका शब्दाची खबरदारी घ्यावी. आपल्या पिढीने बालपणी ‘रेड इंडियन’ हा शब्द इतका वापरला आहे की तो सहज तोंडून निसटतो. तो टाळून जिथे लोकांचे नाव माहीत आहे तिथे ओजिब्वे, मोहॉक, अपाची असे नावच घ्यावे. ‘आदिवासी’ हा शब्द चालतो, परंतु तो वापरताच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे येऊरचे वारली येतात, आणि वारली म्हणजे ओजिब्वे नव्हेत हे एकदा सांगून मोकळे व्हावे. लेखक १९३८ साली वारला असल्याने भारतात त्याच्या पुस्तकांवरील स्वामित्वहक्क संपलेला आहे. उतारे स्वतः मराठीत आणून त्यांच्या प्रती वाटायला हरकत नाही.

आता प्रश्न. पहिला प्रश्न ठरलेला असतो: केशवसुत, कुसुमाग्रज ही टोपणनावेच नव्हती का? याचे उत्तर टाळू नये. कुसुमाग्रज हे नाव घेऊन शिरवाडकरांनी वेगळी आई सांगितली नाही. बेलानीने नाव नव्हे, वंश घेतला, आणि महाराष्ट्रात हा फरक समजावायला फार शब्द लागत नाहीत, कारण जातपडताळणी म्हणजे काय हे येथे अकरावी-बारावीच्या मुलांनाही माहीत असते. खोट्या दाखल्यांना आळा घालण्यासाठी पडताळणी समित्यांची रीत घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४चा निकाल ठाण्याच्या आदिवासी विकास अपर आयुक्तांशी संबंधित प्रकरणातूनच आला होता. आमच्या बैठकीत एका निवृत्त गृहस्थांनी लगेच विचारले की, बेलानीने कोणती राखीव जागा बळकावली? प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही; पुढील बैठकीत दिले. १९२७ सालापासून १९५१ पर्यंत कॅनडाच्या इंडियन कायद्याने तेथील मूळ लोकांना आपल्या जमिनीच्या दाव्यांसाठी पैसे गोळा करण्यास किंवा वकील लावण्यास व्यवहारात बंदी घातली होती. नेमक्या त्याच काळात त्यांचा म्हणून मिरवणारा एक इंग्रज १९३७च्या डिसेंबरात बकिंगहॅम राजवाड्यात राजापुढे आणि राजकन्यांपुढे व्याख्यान देत होता. ऐकून घेतले जाण्याची जागा एकच होती आणि तीत तो बसला होता. त्याने तेथे बीव्हरांसाठी जे मागितले ते योग्यच होते. पण रायडिंग माउंटन उद्यानात, त्याने मुक्काम हलवल्यानंतर पाच वर्षांनी, १९३६ साली, क्लिअर लेकच्या काठच्या कीसीकूवेनिन ओजिब्वे कुटुंबांना सरकारने हुसकावून त्यांची घरे जाळली, हे ठाण्याच्या माणसाने मुद्दाम वाचावे. आपल्या घरापासून वीस मिनिटांवर सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्या येऊरकडील अंगाला पाडे आहेत.

याच कारणाने मी एकदा येऊरच्या एका बाईंना बैठकीला बोलवावे असा घाट घातला. पावसाळ्यात त्या शेवळे आणि कंटोली घेऊन बाजारात बसतात. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि दिवस बुडेल त्याचे काय, एवढेच विचारले. मी मानधनाचा विचारच केला नव्हता. शिवाय त्यांना कशासाठी बोलवत होतो, तर एका इंग्रजाने केलेल्या सोंगावर मत द्यायला. तो बेत मी सोडला. पाड्यावरील कोणाला बोलवायचे असेल तर त्यांच्या स्वतःच्या विषयावर, रानभाज्यांवर किंवा वनहक्कांच्या दाव्यांवर, वेगळी बैठक ठेवावी आणि इतर वक्त्यांना देतो तेवढे मानधन आधी सांगून द्यावे.

दुसऱ्या तासाची सुरुवात अनाहारिओपासून करावी. १९२५ साली टेमागामीच्या काठी ती त्याला भेटली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्याच्या सर्व कौतुकातील मुद्दल तिचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. सापळ्यात तडफडणारे प्राणी पाहून तीच आधी धंद्यावर उठली, पिलांसाठी तीच अडून बसली, आणि तो स्वतः हे पुस्तकात लपवत नाही. खोट्या माणसाचा हा खरेपणा माझ्या मते त्याच्या बाजूने मांडण्यासारखा सर्वांत मोठा मुद्दा आहे. त्याच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, १९७२ साली, तिने ‘डेव्हिल इन डिअरस्किन्स’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले आणि १९८३ साली तिला ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळाला. पिलांचा प्रसंग तिच्या पुस्तकातून दुसऱ्या आवाजात पुन्हा वाचावा. शक्यतो वाचणारी व्यक्तीही बदलावी. मात्र ती १९८६ साली वारली असल्याने तिच्या पुस्तकावर स्वामित्वहक्क अजून आहे. बैठकीत उतारा वाचून दाखवावा, भाषांतराच्या प्रती काढून वाटू नयेत.

रिचर्ड ॲटनबरोने १९९९ साली काढलेला चित्रपट दाखवावा का, असे विचारले जाते. रिचर्ड आणि डेव्हिड या भावांनी बालपणी, १९३६ साली, लेस्टरमध्ये ग्रे आउलचे व्याख्यान ऐकले होते, ही हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण निसर्गपटांच्या ज्या आवाजावर आपली दोन पिढ्यांची मुले वाढली त्या डेव्हिड ॲटनबरोच्या बालपणी हा तोतया उभा आहे. चित्रपट मात्र दोन्ही पुस्तकांतील उतारे वाचून झाल्यावर, वेगळ्या दिवशी दाखवावा. पियर्स ब्रॉस्ननचा देखणा चेहरा एकदा डोळ्यांपुढे बसला की पाव किलोच्या त्या पिलाला तेथे जागा उरत नाही. आमच्या गटाने तो पुढच्या महिन्यावर ढकलला आहे, आणि त्याआधी अनाहारिओचे पुस्तक दोघीजणी घरी वाचून येणार आहेत.