लाइट गेली आणि इन्स्टॉलेशन अर्धवट राहिलं तर

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात भरदुपारी लाइट जाते, आणि नेमकं तेव्हाच उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) काहीतरी इन्स्टॉल होत असतं. लाइट आल्यावर 'डीपीकेजी मध्येच थांबलं' असा संदेश देऊन एप्ट अडून बसतं. (एप्ट पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, उतरवून आणतं; डीपीकेजी ते बसवतं.) म्हणून लगेच सगळी सिस्टिम नव्याने टाकायला धावू नका. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ही आज्ञा द्या: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची: sudo dpkg --configure -a). उघडून झालेली, पण सेटिंग राहिलेली पॅकेजेस ती मार्गी लावते. त्यावर पूरक पॅकेजेस कमी पडतायत अशी तक्रार आली तर सुडो एप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल (sudo apt --fix-broken install).

'लॉक मिळत नाही' असं दिसलं तर मात्र थांबा. लॉक म्हणजे पॅकेजेसच्या नोंदी एका वेळी एकाच प्रोग्रॅमने लिहाव्यात म्हणून लावलेलं कुलूप. बहुतेकदा मागे आपोआप अपडेट चालू असतं. एक चहा होईपर्यंत संपतं. लॉकची फाइलच उडवा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. ती फाइल कायम तिथेच असते, कुलूप लावतो तो चालू प्रोग्रॅम, आणि रीस्टार्ट केल्यावर ते आपोआप सुटतं. फाइल उडवून दोन प्रोग्रॅम एकदम नोंदी लिहू लागले, तर खरा घोळ होतो.

डिस्क भरली असेल तर या सगळ्याच्या आधी सुडो एप्ट क्लीन (sudo apt clean); उतरवून ठेवलेल्या पॅकेजेसच्या फाइली पुसून ती जागा करते.