गणपतीला निघण्याआधी: उभ्या गाडीचा तापमानाचा काटा वर चढत असेल तर

कोकणात निघायच्या किमान दोन आठवडे आधी हे काम हातात घ्या. चतुर्थी तोंडावर आली की ओळखीच्या गॅरेजवाल्यालाही मान वर करायला फुरसत नसते, आणि मग "पंखा डायरेक्ट करून देतो, या जाऊन" यावर, म्हणजे पंखा सतत फिरत राहील अशी वायर जोडून, बोळवण होते. दोन वर्षांपूर्वी मी अशीच निघाले आणि माणगावच्या कोंडीत अडकले. गाडी सरकली की काटा मधोमध, थांबली की पाच मिनिटांत लाल रेघेकडे. मागच्या सीटवर आई होती, बाहेर पाऊस, आणि गाडी बाजूला घ्यायलाही जागा नव्हती. तेव्हापासून मी पुढची तपासणी घरच्या अंगणातच करते.

धावताना थंड आणि उभी असताना गरम, या फरकातच अर्धं निदान आहे. धावत्या गाडीच्या रेडिएटरमधून, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या समोरच्या जाळीतून, समोरचा वारा जातो. उभ्या गाडीला वारा देणारा एकटा पंखा. म्हणून आधी पंखा बघा, मग जाळी, मग पाणी. उलट, घाट चढतानाही काटा चढत असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला किंवा थर्मोस्टॅट (तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकलेला असण्याची शक्यता जास्त.

सकाळी इंजिन थंड असताना गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. मग एसी बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये तशीच चालू ठेवा. वीसेक मिनिटांत, पाणी साधारण ९५ ते १०० अंशांवर गेलं की पंखा आपोआप लागला पाहिजे, थोड्या वेळाने थांबला पाहिजे आणि पुन्हा लागला पाहिजे. अशा तीन फेऱ्या बघितल्याशिवाय उठू नका. काटा मध्याच्या वर सरकू लागला तर मात्र इंजिन लगेच बंद करा. एकच पंखा असलेल्या गाडीत तो एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटर ठीक आहे. संशय तापमानाच्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरीवर घ्या. दोन्ही वेळा फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहा. मग पंख्याच्या रिलेच्या (पंख्याला वीज सोडणाऱ्या छोट्या स्विचच्या) जागी तसाच दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचाच, लावून पाहा. तरीही नाही, तर इंजिन बंद ठेवून पंख्याचं कनेक्शन काढा आणि बॅटरीवरून मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. तेव्हाही गप्प राहिला, किंवा काठीने टकटक केल्यावरच फिरला, तर दोष मोटरमध्येच आहे, बहुधा तिचे ब्रश संपलेत. हात मात्र पात्यांपासून लांब ठेवा. तापलेल्या गाडीत किल्ली बंद असतानाही पंखा अचानक लागू शकतो.

पंखा फिरतोय पण मंद, किंवा दुरुस्तीनंतर उलटा फिरतोय, हेही तपासा. वायरी उलट जोडल्या गेल्या तर तो हवा ओढण्याऐवजी समोर फेकतो, आणि लांबून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. इंजिनच्या बाजूला असलेल्या पंख्याने हवा आत ओढली पाहिजे: समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरा, तो चिकटला पाहिजे.

आता जाळी. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत पानं, किडे, चिखल यांचा नमदाच बसलेला असतो. साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूकडून बाहेर असं धुवा. प्रेशरचा फवारा नको, जाळीचे बारीक पत्रे दुमडतात.

पाण्याकडे वळताना इंजिन पूर्ण थंड हवं. रेडिएटरच्या टोपणाचं रबर तडकलं असेल तर टोपण बदला, पण तितक्याच बारचं (दाबाचं) घ्या. ०.९ बारचं टोपण दाब धरतं तेव्हा साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपण सैल झालं की शंभरावरच. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत द्रव) नळाच्या पाण्यात मिसळू नका, डिमिनरलाइज्ड म्हणजे क्षार काढलेलं पाणी आणा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोड लागतं, विषारी असतं आणि कुत्री-मांजरं चाटतात. भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर गरमवर करा, टोपण उघडं ठेवूनच थंड इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. ते थांबतच नसतील, गळती नसताना पाणी कमी होत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) शंका घ्या आणि घरची खटपट तिथेच थांबवा.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळेल. कृपा करून ऐकू नका. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दोष तसाच राहतो. पंखा कायमचा डायरेक्ट करणं हीही रस्त्यातली सोय आहे, दुरुस्ती नव्हे.

सोबत घ्यायचं सामान फार नाही: मिसळलेलं कूलंट १ लिटर, डिमिनरलाइज्ड पाणी ५ लिटर, त्याच अँपिअरचे दोन फ्यूज, एक रिले, टेस्ट लॅम्प (वायरीत वीज येते का ते दाखवणारा दिवा), होज पाईपच्या दोन क्लिपा, पेचकस, टॉर्च आणि जाड टॉवेल. वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावा, काचा खाली करा. घामाघूम व्हाल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. काटा लाल रेघेला टेकला तर इंजिन बंद. टोपणाला किमान पाऊण तास हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका. अॅल्युमिनियमच्या हेडला तडा जाऊ शकतो.

निघायच्या आदल्या रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली कोरडा पुठ्ठा पसरून ठेवा. पहाटे त्यावर हिरवा किंवा लाल ठिपका दिसला, तर सामान चढवण्याआधी पाण्याचा पंप आणि होजचे सांधे टॉर्चने बघा.