सिंथवर अंतराळ उभं करताना

पणजीत पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून अंतराळाचा भास देणारं संथ संगीत वाजवायला बसण्याआधी अ‍ॅनालॉग सिंथ (विजेच्या परिपथांतून आवाज घडवणारं वाद्य) वीसेक मिनिटं नुसता चालू ठेवा. तापेपर्यंत त्याचा सूर सरकत राहतो. मग तानपुऱ्यासारखा सा-प धरा. अटॅक-रिलीज (स्वर उमटायला आणि विरायला लागणारा वेळ) लांब, फिल्टर (आवाजाची धार गाळणारी चाळणी) अर्धा मिटलेला. खरी जादू एलएफओत, म्हणजे आवाजाला संथ लाटेसारखं हलवणाऱ्या भागात आहे: एका सिंथवर १७ सेकंदांचं आवर्तन लावा, दुसऱ्यावर २३ सेकंदांचं. सुरुवातीची जुळणी पुन्हा यायला ३९१ सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेसहा मिनिटं लागतात. तोवर तेच दोन स्वर सारखे रंग बदलतात. त्यावर सुचेल तो एखादाच स्वर सोडा आणि रिव्हर्ब (मागे घुमत राहणारा आवाज) विरेपर्यंत हात आवरा. हे थांबणं मला वाजवण्याइतकंच प्रिय आहे. रेकॉर्डर पहिल्या स्वराआधीच सुरू करा, तोही बॅटरीवरचा. पावसात वीज कधीही जाते.