नॉनवोवन घेताना नुसतं जीएसएम बघू नका

दुलई, जॅकेटचं अस्तर किंवा दुधाच्या किटलीचं कव्हर शिवायला कोल्हापूर-इचलकरंजीत नॉनवोवन (न विणता, तंतू एकमेकांत जोडून केलेलं कापड) मागितलं, की दुकानदार आधी जीएसएम विचारतो, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. पण तो आकडा फक्त वजनाचा. उष्णता अडवते ती तंतूंत अडकून पडलेली हवा, म्हणून खरी बघायची ती जाडी.

10 बाय 10 सेंमीचा तुकडा कापून तोला. ग्रॅमला 100 ने गुणलं की जीएसएम. मग त्याच मापाची काच वर ठेवून चारही कोपऱ्यांत जाडी घ्या आणि सरासरी काढा. काच न ठेवता फुगीर कापडाला पट्टी लावली तर दरवेळी वेगळाच आकडा येतो. समजा 300 जीएसएमचं थर्मल बाँड वॅडिंग (उष्णतेने तंतू चिकटवलेला फुगीर थर) 20 मिमी भरलं आणि तेवढ्याच वजनाचं नीडल पंच (सुयांनी टोचून तंतू गुंतवलेलं दाट कापड) 3 मिमी. दोन्हींची उष्णतावाहकता साधारण 0.04 धरली, तर मीटरमधल्या जाडीला तिने भागून रोध, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, येतो 0.5 आणि 0.075. वजन तेच, फरक साडेसहा पटींहून जास्त.

आता प्रत्यक्ष चाचणी. एकसारखे तीन स्टीलचे डबे घ्या: दोन्ही कापडांना एकेक, तिसरा उघडा. प्रत्येकात 80 अंशांचं 1 लिटर पाणी. तिन्हींच्या बुडाला आणि झाकणाला सारखंच थर्मोकोल लावा, नाहीतर उष्णता तिथूनच निघून जाते आणि सगळी कापडं सारखीच वाटतात. पंखा बंद. तासभर दर 10 मिनिटांनी तापमान लिहा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करून तुलना करा. कापड सुतळीने आवळू नका, नुसतं टेकवून टाचा. जाडी निम्मी झाली की रोधही जवळपास निम्मा होतो.

शिलाईतही हेच होतं. टाक्याखाली वॅडिंग चेपतं, म्हणून ओळी दाट घालू नका; फार विरळ घातल्या तर धुतल्यावर आतलं वॅडिंग सरकून गोळा होतं. किटलीच्या कव्हरला बाहेरून कोटिंगचं कापड हवंच. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, आणि आपल्याकडच्या पावसात उघडं वॅडिंग भिजणारच.

मोठा माल उचलायचा असेल तर इचलकरंजीच्या डीकेटीई या वस्त्रोद्योग-अभियांत्रिकी संस्थेतल्या नॉनवोवन केंद्रात चाचणीची चौकशी करा. घरी निदान एवढं तरी करा: तुकड्यावर 1 किलोचं वजन 24 तास ठेवा, काढल्यावर तासाभराने जाडी पुन्हा मोजा. 20 ची 14 मिमी राहिली, तर पुढचा हिशोब 14 वरच.