रोड सायकलसाठी टायर निवडताना या चुका टाळा

नवे टायर घेताना बहुतेक सायकलस्वार ‘सर्वांत वेगवान टायर कोणता’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. खरे तर आपल्या रिमवर आणि फ्रेममध्ये कोणता टायर सुरक्षितपणे बसतो, हे आधी पाहायला हवे. रोड सायकलचे टायर मुख्यतः तीन प्रकारचे असतात: ट्यूब घालून वापरायचा क्लिंचर, ट्यूबऐवजी सीलंटवर (छिद्रे आतून बुजवणाऱ्या द्रवावर) चालणारा ट्यूबलेस आणि ट्यूब आतच शिवून टाकलेला, रिमला चिकटवायचा ट्यूब्युलर. यांपैकी ट्यूब्युलरसाठी रिमच वेगळी लागते आणि वाटेत पंक्चर झाल्यास सुटा टायर जवळ बाळगावा लागतो, त्यामुळे शर्यतीत न उतरणाऱ्याने त्याचा विचार सोडून दिलेला बरा.

सर्वांत धोकादायक चूक हुकलेस रिमच्या बाबतीत होते. अशा रिमच्या कडेला टायर धरून ठेवणारा आतला ओठ नसतो, म्हणून तिच्यावर निर्मात्याने हुकलेससाठी योग्य ठरवलेलाच ट्यूबलेस टायर चालतो, मग आत ट्यूब घालायची असली तरीही. साधा क्लिंचर तिच्यावर दाबाखाली ताणून निसटू शकतो. प्रमाणित मर्यादेनुसार रोडच्या हुकलेस रिमवर ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, यापेक्षा जास्त हवा भरायची नसते. रिमवर किंवा टायरवर याहून कमी आकडा दिला असेल, तर तो पाळावा.

मापाच्या बाबतीत ‘७००सी’ हे रोड सायकलच्या चाकाचे प्रचलित माप एवढेच पाहून भागत नाही. टायरच्या बाजूवर ‘२८-६२२’ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमच्या बैठकीच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मात्र रुंद रिमवर तोच टायर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त फुगतो, आणि फ्रेममध्ये जेमतेम बसेल असा हिशेब करून घेतलेला टायर मग ब्रेकला किंवा फ्रेमला घासू लागतो.

अरुंद आणि दगडासारखा टणक टायर वेगवान असतो, हा समज फार चिवट आहे. खडबडीत रस्त्यावर जास्त दाबाचा टायर उसळतो आणि सायकल व स्वार यांना हादरवण्यातच शक्ती वाया जाते. बहुतेकांना २८ किंवा ३० मिमी रुंदीचा टायर थोड्या कमी दाबावर अधिक लाभतो. टायरवर छापलेला कमाल दाब ही वरची मर्यादा असते, शिफारस नव्हे. दाब स्वाराच्या वजनानुसार ठरवावा आणि मागच्या चाकावर अधिक भार असल्याने तिथे तो किंचित जास्त ठेवावा. खोल नक्षीमुळे ओल्या डांबरावर पकड वाढते, हेही खरे नाही. तिथे रबराचे मिश्रण आणि योग्य दाब यांचाच प्रभाव पडतो.

ट्यूबलेस घेऊन सीलंट विसरणारे अनेक आहेत. सीलंट काही महिन्यांत सुकते; ते वेळोवेळी भरायचा कंटाळा असेल, तर चांगल्या क्लिंचरमध्ये हलकी ट्यूब घालणे हाच शहाणपणाचा पर्याय आहे. लेटेक्स ट्यूब मात्र हवा लवकर सोडते, त्यामुळे प्रत्येक फेरीपूर्वी दाब तपासण्याची तयारी हवी.

पंक्चर वारंवार होत असेल, तर टायरला दोष देण्यापूर्वी ट्यूबवरील छिद्राची जागा पाहावी. शेजारी शेजारी दोन छिद्रे असतील, तर दाब कमी पडून ट्यूब रिमवर चिमटली गेली आहे. छिद्र रिमच्या बाजूला असेल, तर बहुधा रिम टेप, म्हणजे रिममधील आरांची छिद्रे झाकणारी पट्टी, सरकलेली असते. रस्त्याच्या बाजूला पुन्हा त्याच ठिकाणी असेल, तर काटा किंवा बारीक तार अजून टायरमध्येच आहे. ट्यूबलेसची हवा रातोरात उतरत असेल, तर टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट या क्रमाने तपासावे.

मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून तो पुढे लावून पुढचा मागे नेण्याची सवय अनेकांना असते. पुढच्या चाकाची पकड सुटल्यास सायकल सावरणे जवळजवळ अशक्य असते, तेव्हा पुढचा चांगला टायर मागे न्यावा आणि नवा टायर पुढे लावावा.