बारभाईचं कारस्थान पुण्यात एका दिवसात फिरून कसं समजून घ्यायचं

शनिवारवाड्यात गेलं की सोबतचा कोणीतरी 'काका मला वाचवा' वर येतोच आणि सगळी गोष्ट तिथेच संपते. पेशवा नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणपतीत, गारद्यांनी (वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांनी) केला हे ठीकच आहे, पण खरा मसाला त्यानंतरच्या साडेसात महिन्यांत आहे, म्हणजे बारभाईच्या कारस्थानात: राघोबादादाला पेशवेपदावरून हटवायचा कारभाऱ्यांनी मिळून केलेला डाव.

तर सकाळी वाड्यापासूनच सुरू करा, पण नारायण दरवाज्यापाशी पाच मिनिटांच्या वर थांबू नका. आतल्या जोत्यांवर उभं राहून आधी हे डोक्यात पक्कं करा की नारायणरावाचा काका राघोबादादा पेशवा झालाय, फौज घेऊन कर्नाटकाकडे निघालाय, आणि राजधानी कारभाऱ्यांच्या हाती राहिलीय. मग एकेक जण काहीतरी सबब काढून छावणीतून पुण्याला सटकतो. (माझ्या मते डाव इथेच जिंकला गेला, पुढच्या लढाया नंतरच्या.)

नावं सगळी पाठ करू नका, चार बास: सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे. यातला बापू सगळ्यात इंटरेस्टिंग, कारण तो आधी दादाच्याच गोटातला. नानावाडा बघायचा असेल तर जरूर बघा, वाड्यापासून चालत जाता येतं, फक्त तो १७८० च्या सुमाराचा आहे, त्यामुळे खलबतं इथे झाली असं कोणी सांगितलं तर मान हलवून पुढे चला.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारा, गंगाबाई कुठे आहे? नारायणरावाची विधवा गरोदर होती आणि कारस्थान्यांचा सगळा डाव त्या पोटातल्या बाळावर, मुलगी झाली असती तर काय याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. जानेवारी १७७४ मध्ये तिला पुरंदर गडावर हलवलं, सोबत सदाशिवरावभाऊंची पार्वतीबाई, आणि कारभार गंगाबाईच्या नावाने सुरू. म्हणजे दादाकडे पेशवाईची वस्त्रं आणि फौज, यांच्याकडे गड आणि अजून न जन्मलेला वारस.

म्हणून दुपारी जेवून सासवडमार्गे पुरंदर गाठाच, नाहीतर अर्धीच गोष्ट कळते. गड लष्कराच्या ताब्यात आहे, ओरिजिनल ओळखपत्र हवंच, झेरॉक्सवर वाद घालत बसू नका, आणि उशिरा निघू नका कारण संध्याकाळी बाहेर काढतात. माचीवर पुरंदरेश्वराच्या मागे रामेश्वराचं देऊळ आणि त्याच्या थोडं वर पेशव्यांच्या वाड्याचे अवशेष आहेत, तिथे बसून तारखा लावा: २६ मार्च १७७४ ला पंढरपूरजवळ कासेगावला त्रिंबकराव पेठे हरला आणि त्या जखमांनीच गेला, म्हणजे बारभाईंची बाजू पार ढासळली, आणि तीन आठवड्यांत, १८ एप्रिलला, याच गडावर सवाई माधवराव जन्मला. चाळीस दिवसांच्या पोराला साताऱ्याहून वस्त्रं आली! दादा मग गुजरातकडे आणि शेवटी इंग्रजांच्या दारात, मार्च १७७५ चा सुरतेचा तह.

अजून दम असेल तर परतताना गाडीत १७७८ वाचून काढा, नानाचाच चुलतभाऊ मोरोबा फडणीस उलटला आणि काही काळ पुण्याचा कारभार बळकावून बसला, ती भानगड याहून किचकट आहे पण माणसं बरीचशी तीच.